धक्का बसला, आता तारापूरचं काय?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन वारंवार हलू लागली. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या भागातल्या कुटुंबांनी थंडीतल्या रात्री तंबूत काढल्या. मोठ्यातले मोठे धक्के ४ रिश्टरच्या आसपासचे होते, पण ते थांबत नव्हते, आणि माणसं त्यानेच जास्त खचली. तेव्हापासून पालघर जिल्ह्यात जमीन हलली की वाचकांचे तेच प्रश्न येतात. तारापूरच्या अणुवीज केंद्राला काही झालं का? गाव सोडायचं का? त्या आयोडीनच्या गोळ्या कुठे मिळतात? मोबाइलवर फिरणारा तो संदेश खरा आहे का?

धुंदलवाडीपासून तारापूरचं केंद्र सरळ रेषेत साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे, आणि ती अडाणीपणाची आहे असं कोणी म्हणत असेल तर ते ऐकून घेण्याचं कारण नाही. मात्र काळजीचा क्रम चुकला तर माणसं दगावतात. प्लांटकडे नजर लावून तडा गेलेल्या भिंतीखाली बसून राहणं, किंवा अफवेवर विसंबून आजारी आईला घेऊन रात्री घाटरस्त्याला लागणं, हे दोन्ही प्रकार रेडिएशनच्या आधी जीव घेऊ शकतात. म्हणून इथे सुरुवात घरापासून केली आहे.

पहिला तास: घर तपासा

धक्का थांबल्यावर मोकळ्या जागेत या. विजेच्या तारा, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यापासून लांब राहा. शक्य असेल तर बाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करा. त्यानंतरच घराकडे बघा, तेही बाहेरून.

खालीलपैकी एकही खूण दिसली तर आत जाऊ नका:

- भिंतीत तिरकी किंवा फुलीसारखी भेग, आरपार गेलेली
- दोन भिंती जिथे जुळतात तो कोपरा सुटलेला
- खांब आणि तुळई यांच्या सांध्यात काँक्रीट फुटून सळई दिसणं
- भिंतीला पोट आलेलं, किंवा काल सहज लागणारं दार आज अडकणं
- कौलांखालचा वासा सरकलेला

गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेघा सहसा वरवरच्या असतात. त्यांच्यावर पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवा. पुढच्या धक्क्यानंतर रेघ लांबली का, हे त्यावरून कळेल आणि पंचनाम्यातही त्याचा उपयोग होईल.

रिश्टरचा आकडा काय सांगतो आणि काय नाही

बातमीत येतो तो आकडा भूकंपाच्या केंद्रापाशी किती ऊर्जा सुटली याचा असतो. एका अंकाच्या फरकाने ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे ४ आणि ६ मधला फरक हजार पटींचा आहे. पालघरच्या ४ च्या धक्क्याची तुलना जपानच्या ११ मार्च २०११ च्या ९.० शी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तिथे काही कोटी पट जास्त ऊर्जा सुटली होती.

अणुभट्टीची बांधणी मात्र रिश्टरच्या आकड्यावर होत नाही. केंद्राच्या जागेवर जमीन किती जोराने हलेल, म्हणजे जमिनीचा प्रवेग किती असेल, हे गृहीत धरून ती केली जाते. त्यामुळे 'प्लांट किती रिश्टरचा भूकंप सोसू शकतो?' या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नाही. लांबचा मोठा भूकंप निभावतो आणि जवळचा मध्यम भूकंप त्रास देतो. १६ जुलै २००७ रोजी जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्राजवळ ६.६ चा भूकंप झाला, तेव्हा तिथली जमीन आराखड्यात धरलेल्या जोरापेक्षा जास्त हलली. चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि मुख्य यंत्रणा टिकली. पण ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि वापरलेल्या इंधनाच्या तलावातलं किंचित किरणोत्सारी पाणी समुद्रात गेलं. कंपनीने ही गळती उशिरा सांगितली आणि आकडा नंतर वाढवला. भट्टी टिकली म्हणून सगळं ठीक झालं असं समजू नये, आणि आग दिसली म्हणून भट्टी फुटली असंही समजू नये.

'आपण झोन ३ मध्ये आहोत, घाबरायचं काय?' हेही पुरेसं उत्तर नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाआधी दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं. नकाशा हा त्या दिवसापर्यंतच्या माहितीचा असतो. म्हणूनच जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाबद्दल भूकंपाचा मुद्दा मांडणाऱ्या मंडळींना 'झोन'चा दाखला देऊन गप्प करता येणार नाही. त्यांनी जागेचाच भूगर्भीय अभ्यास मागितला पाहिजे.

भट्टी बंद झाली, तरी प्रश्न का उरतो?

निर्णय घेण्यासाठी विज्ञान फक्त एवढं लागतं. जोराचा धक्का बसल्यावर भट्टीतली अणुविखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबवता येते. पण चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहतात, तसं इंधन तापलेलंच राहतं. बंद झाल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, दिवसभरानंतर अर्धा टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का ऐकायला कमी वाटतं, पण ५४० मेगावॉटच्या युनिटमध्ये तीही बरीच असते. ती काढण्यासाठी पाणी फिरत राहायला हवं, त्यासाठी पंप हवेत आणि पंपांना वीज हवी.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्रात नेमकी हीच साखळी तुटली. भूकंपानंतर चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. पाऊण-एक तासाने चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली आणि तळघरातले जनरेटर बुडाले. भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ असलेलं ओनागावा केंद्र उंचावर बांधलेलं असल्याने बचावलं. आसपासचे बेघर लोक सुमारे तीन महिने त्याच केंद्राच्या आवारात आसऱ्याला होते.

आपल्याकडची दोन उदाहरणंही ठाऊक असावीत. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात गुजरातमधलं काक्रापार केंद्र चालू राहिलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्राचं पाणी शिरलं, चालू युनिट सुरक्षितपणे बंद करण्यात आलं आणि आठवडाभरात पुन्हा सुरू झालं. मात्र त्याच लाटेने शेजारच्या कर्मचारी वसाहतीत आणि कोळीवाड्यांत माणसं नेली.

अरबी समुद्रात त्सुनामी उठवू शकणारा मोठा पट्टा मकरानच्या किनाऱ्यालगत आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. तारापूरपासून तो पट्टा लांब आहे, त्यामुळे हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राकडून सूचना मिळायला वेळ मिळतो. डहाणू-तलासरीतल्या छोट्या धक्क्यांनी समुद्र उसळत नाही. म्हणून दांडी, घिवली, उच्छेळीच्या मच्छीमार बांधवांनी प्रत्येक धक्क्याला होड्या सोडून पळायची गरज नाही, त्सुनामीचा इशारा आला का, तेवढं पाहावं.

'प्लांट सुरक्षित आहे का?' असं विचारू नका

या प्रश्नाला कायम 'होय' हेच उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी सरपंच, पत्रकार किंवा लोकप्रतिनिधी यांच्यामार्फत हे विचारा:

१. केंद्राच्या आवारातल्या भूकंपमापकांवर जमिनीचा प्रवेग किती नोंदला गेला? आराखड्यात किती धरला आहे?

२. कुठली युनिटं चालू होती? ती आपोआप बंद झाली, हाताने बंद केली, की चालूच आहेत?

३. बाहेरून येणारी वीज सुरू आहे का? नसेल तर जनरेटर किती चालू आहेत आणि डिझेल किती दिवसांचं आहे?

४. वापरलेल्या इंधनाच्या तलावातली पाण्याची पातळी आणि तापमान किती आहे?

५. कुंपणाजवळच्या किरणोत्सार मापकांचे धक्क्याआधीचे आणि नंतरचे आकडे काय आहेत?

तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ सालची आहेत आणि उकळत्या पाण्याच्या पद्धतीची, म्हणजे मूळ तत्त्वाने फुकुशिमाच्या कुळातली. तिसरं आणि चौथं २००५-०६ मधलं, जड पाण्याचं. त्यामुळे 'तारापूर' असं एकगठ्ठा उत्तर घेऊ नका, युनिटवार विचारा. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांची पाहणी झाली. बाहेरून पाणी सोडता येईल अशा जोडण्या, फिरते जनरेटर, भूकंपाचा संकेत मिळताच भट्टी आपोआप बंद होण्याची सोय, अशा सुधारणा तेव्हा सुचवल्या गेल्या. त्यातली कुठली, कुठल्या युनिटला, कधी पूर्ण झाली हा तुमचा पुढचा प्रश्न.

आकडे वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: मायक्रोसिव्हर्ट आणि मिलिसिव्हर्ट यांत हजार पटींचा फरक आहे, आणि फिरणाऱ्या संदेशांत तिथेच घोळ होतो. निसर्गात ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सार सर्वत्र असतो; सगळे नैसर्गिक स्रोत धरून वर्षाकाठी जगाची सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट येते. केंद्रामुळे सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आणखी एक गल्लत: आंतरराष्ट्रीय अणुघटना मोजपट्टी ० ते ७ अशी असते. 'पातळी ४ ची घटना' आणि '४ रिश्टरचा धक्का' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

वास आला, डोळे चुरचुरले तर

बोईसर-तारापूरमध्ये राहणाऱ्यांसाठी हा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि तो नेमका कोणी सांगत नाही. इथे अणुवीज केंद्राशिवाय मोठी एमआयडीसी आहे, रसायनांच्या कारखान्यांनी भरलेली. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, आणि 'तारापूरला स्फोट' एवढीच बातमी बाहेरगावी पोचल्यावर नातेवाइकांनी अणुभट्टीच धरली. भूकंपानंतर पाइप तुटून रसायन गळण्याची शक्यता भट्टी बिघडण्यापेक्षा खूप जास्त असते.

फरक ओळखायला सोपा आहे. किरणोत्साराला वास, रंग, चव काहीही नसतं. वास आला, घशात आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं तर ते रसायन आहे. तेव्हा:

- वारा कुठून येतो ते बघा आणि त्याला आडवे निघा. गळतीकडे पाठ करून सरळ वाऱ्याच्या दिशेने पळालात तर वायू तुमच्या मागेच येतो.
- ओलं फडकं नाका-तोंडावर धरा. बरेचसे वायू हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे खड्ड्यात, नाल्यात, तळघरात थांबू नका.
- काडी, लायटर, गाडीचं इंजिन यांपैकी काहीही वासाजवळ पेटवू नका.
- ११२ ला फोन करा आणि 'एमआयडीसीत गळती' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'तारापूर' म्हणू नका.

बाहेर पडायचं की आत राहायचं?

भूकंपाचा सल्ला आहे, घराबाहेर या. किरणोत्साराचा सल्ला आहे, घरात जा, दारं-खिडक्या लावा. दोन्ही एकदम आले तर? वाचकांचा सगळ्यांत मोठा गोंधळ इथेच आहे, आणि सरकारी पत्रकं हे दोन सल्ले वेगवेगळ्या कागदांवर छापत असल्याने तो सुटत नाही.

हा निव्वळ कल्पनेतला पेच नाही. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तिथल्या शिका अणुकेंद्राच्या भट्ट्या २०११ पासून बंदच होत्या, म्हणून मोठं संकट टळलं. पण आपत्तीचा आराखडा कागदावरच कोसळला. 'घरात थांबा' असं सांगायचं तर हजारो घरं पडलेली. 'गाव सोडा' असं सांगायचं तर रस्ते खचलेले. किरणोत्सार मोजणाऱ्या काही केंद्रांकडून आकडे येणंही थांबलं.

आपल्या भागात तर बरीच घरं कुडाची, मातीची, कौलारू किंवा पत्र्याची आहेत. असं घर भूकंपात डोक्यावर येऊ शकतं आणि किरणोत्सारापासून फारसं वाचवतही नाही, कारण हवा सगळीकडून आत येते आणि भिंती पातळ असतात. म्हणून क्रम असा धरा:

प्लांटबद्दल अधिकृत इशारा आलेला नाही: फक्त भूकंपाचे नियम पाळा. मोकळ्यावर राहा. 'रेडिएशन असेल' या शंकेने तडा गेलेल्या घरात शिरू नका.

इशारा आला आहे आणि घर धड आहे: आत जा. मधल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत थांबा. पंखे, कूलर, एसी बंद करा. फटींत ओली फडकी कोंबा. शाळेत असलेल्या मुलांना आणायला धावू नका, शाळेने त्यांना आत ठेवणं अपेक्षित आहे. तुमची धावपळ तुम्हाला आणि मुलाला दोघांनाही उघड्यावर आणते.

इशारा आला आहे आणि घर धोक्याचं आहे: जवळच्या तपासलेल्या पक्क्या इमारतीत जा. ती कुठली, हे आजच ठरवून ठेवा. तिथपर्यंत जाताना नाका-तोंडावर कापड, अंगभर कपडे. पोचल्यावर वरचे कपडे आणि चपला दाराबाहेर काढून पिशवीत बांधा. बाहेरून आलेली बहुतांश धूळ तेवढ्यानेच निघून जाते. मग साबण-पाण्याने आंघोळ करा, अंग घासून ओरखडू नका.

गाव सोडण्याचा आदेश आला: मगच निघा, आणि सांगितलेल्या रस्त्यानेच. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार आणि छावण्यांतलं जिणं यांनी २,००० हून अधिक माणसं गेली. त्यांत वृद्ध आणि रुग्णालयांतून घाईने हलवलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. घरात डायलिसिसचा, ऑक्सिजनवरचा किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर त्याचं नाव ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच नोंदवा. अशा माणसाला कुठल्या वाहनाने, कुठल्या रुग्णालयात नेणार, हे लेखी विचारा.

इशारा असेपर्यंत विहिरीवर झाकण ठेवा, जनावरं गोठ्यात बांधा, त्यांना झाकलेला सुका चारा द्या. उघड्यावरची पालेभाजी, ताजं दूध आणि किनाऱ्यावरची मासळी यांबद्दल सूचना येईपर्यंत ती वापरू नका. किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत फार लवकर पोचतं. त्याची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते, त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांचं पथ्य अत्यंत मोलाचं आहे. डब्यातली दूध पावडर, बंद बाटलीतलं पाणी, घरातला साठवलेला शिधा चालतो.

आयोडीनची गोळी: चार गैरसमज

*'ती घेतली की रेडिएशन लागत नाही.'* ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. सीझियम किंवा बाहेरून येणारे किरण यांवर तिचा उपयोग नाही.

*'आधीपासून रोज घेऊन ठेवू.'* नको. संपर्काच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतर पहिल्या दोन तासांत घेतलेली उत्तम, आठेक तासांपर्यंत उपयोगी. कधी घ्यायची ते आरोग्य यंत्रणा सांगते, आणि सहसा एकच मात्रा पुरते.

*'घरातल्या सगळ्यांना सारखीच.'* लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांचा नंबर पहिला. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. बाळांची मात्रा खूप लहान असते. थायरॉइडचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

*'गोळी नसेल तर आयोडीनचं मीठ किंवा जखमेचं औषध.'* मोठ्या माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्या मिठात ग्राहकापर्यंत किलोला किमान १५ मिलिग्रॅम. हिशेब केलात तर सहा किलोहून अधिक मीठ खावं लागेल. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी घाबरून दुकानांतलं मीठ संपवलं, त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही. जखमेवर लावायचं आयोडीन पिणं तर विषारी आहे.

तुमचं घर १६ किलोमीटरच्या आत आहे का?

भारतातल्या अणुकेंद्रांभोवती आपत्कालीन नियोजनाचा पट्टा १६ किलोमीटरचा असतो. बोईसर त्यात येतं. तुमचा पाडा येतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. केंद्राबाहेरच्या आणीबाणीत सगळी सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि या पट्ट्यात दर दोन वर्षांनी सराव घेणं अपेक्षित आहे. सराव झाला की वर्तमानपत्रात फोटो येतात, पण पाड्यावरच्या बाईला आपली बस कुठे येणार हे तरी कळलं का, हे कोणी बघत नाही. ते तुम्ही बघा.

पालघरचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याचं बळ आहे. पुढच्या ग्रामसभेत हे विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून प्रत घ्या:

- आपल्या गावाचं जमण्याचं ठिकाण, निवाऱ्याची इमारत आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता? रस्त्यावरचा पूल पडला तर दुसरा कोणता?
- निवाऱ्याची इमारत भूकंपात टिकेल असं कोणत्या अभियंत्याने, कधी लिहून दिलं? (बहुतेक ठिकाणी ही जिल्हा परिषदेची शाळा असते.)
- आयोडीनच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रात आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते?
- वीज आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं तर दवंडी कोण देणार? वारली बोलीत सूचना तयार आहेत का? धडधडत्या गाडीवरच्या कर्ण्यातून येणारी कार्यालयीन मराठी रात्री अडीच वाजता कोणाला कळणार?

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०. भूकंपाची अधिकृत नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवर मिळते, सरकारी इशारे 'सचेत' ॲपवर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, पण तिला पोचायला वेळ लागतो. पहिले काही तास गावालाच निभावावे लागतात.

खात्री नसलेला संदेश पुढे ढकलू नका. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणं हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण प्रश्न विचारणं म्हणजे अफवा पसरवणं नव्हे. सभेत उठून 'आकडे दाखवा' म्हणणाऱ्याला या कलमाची भीती घातली गेली तर ते चूक आहे, हे ठामपणे सांगा.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा

बरेच अर्ज फुकट जातात, कारण त्यांत मत विचारलेलं असतं. 'केंद्र सुरक्षित आहे काय?' याला कायद्याने उत्तर देणं बंधनकारक नाही. अस्तित्वात असलेला कागद मागा:

- अमुक तारखेच्या भूकंपानंतर केलेल्या तपासणीच्या अहवालाची प्रत
- गेल्या दोन आपत्कालीन सरावांच्या तारखा, सहभागी गावांची यादी आणि आढळलेल्या त्रुटींचा अहवाल
- आयोडीन गोळ्यांच्या साठ्याच्या नोंदवहीची प्रत
- केंद्राजवळच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेने तपासलेल्या दूध, मासळी आणि पाण्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष

पहिला अर्ज अणुवीज महामंडळाकडे किंवा अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, दुसरा आणि तिसरा जिल्हाधिकारी कार्यालय किंवा आरोग्य विभागाकडे. प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची असते, तो अर्ज तिकडे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, ती ओलांडली तर अर्ज परत येऊ शकतो. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताशी थेट संबंध असेल तर ४८ तासांची तरतूद आहे, पण तो संबंध अर्जात स्पष्ट लिहावा लागतो. उत्तर नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं.

'गोपनीय' असं उत्तर येऊ शकतं. सामरिक माहितीला सूट आहेच, आणि अणुऊर्जेच्या कायद्यातही गुप्ततेची तरतूद आहे. तेव्हा अपिलात माहिती अधिकार कायद्याचं कलम १० मांडा: गोपनीय भाग झाकून उरलेला द्या. बसचे मार्ग, गोळ्यांचा साठा, दुधाचे नमुने यांत देशाचं कुठलं गुपित आहे?

पंचनामा, विमा आणि भरपाई

भूकंपात घराचं नुकसान झालं असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत अंशतः नुकसानीची मदत किमान १५ टक्के पडझड झाली असेल तरच मिळेल, अशी अट घातली होती. त्यामुळे 'किरकोळ तडे' असा शेरा पंचनाम्यात येऊ देऊ नका. भेगांची लांबी, कुठली भिंत, किती खोल्या, हे मोजून लिहायला लावा. घर भाड्याचं असेल किंवा वनजमिनीवर असेल तरी अर्ज द्या. वीजबिल, घरपट्टी, रेशन कार्ड यांपैकी जे असेल ते जोडा.

घराचा विमा असेल तर दोन ओळी वाचा. 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीत भूकंपाचं नुकसान धरलेलं आहे. पण किरणोत्सारामुळे झालेलं नुकसान घराच्या पॉलिसींमधून वगळलेलं असतं. त्यासाठी दावा विमा कंपनीकडे होत नाही, अणुहानीच्या कायद्याखाली होतो.

तो कायदा सध्या बदलाच्या काळात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला आणि १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा दायित्व कायदा यांची जागा त्याला दिली. म्हणून जुन्या पुस्तिकांतले भरपाईचे आकडे आणि मुदती पाठ करून बसू नका, नवीन मजकूर वकिलाकडून वाचून घ्या. वाचताना एक मुद्दा मुद्दाम शोधा. २०१० च्या कायद्यात पीडिताला अणुकेंद्राची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. मात्र 'असामान्य स्वरूपाच्या गंभीर नैसर्गिक आपत्ती'मुळे हानी झाली तर केंद्र चालवणारी कंपनी सुटत होती आणि जबाबदारी केंद्र सरकारवर येत होती. मोठा भूकंप नेमका याच शब्दांत बसवला जाऊ शकतो. तेव्हा तुमचा दावा कोणाविरुद्ध आणि किती वर्षांच्या आत करायचा, हे त्या एका तरतुदीवर ठरेल.

दावा कधी करावा लागो न लागो, त्या दिवशी तुम्ही कुठे होता याचा पुरावा लागतो. मुलांच्या शाळेचा दाखला, रेशन कार्ड, मच्छीमार सोसायटीची पावती, वाडीचा सातबारा यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात घाला. एक संच घरी ठेवा आणि एक १६ किलोमीटरच्या बाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे.